जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याचा ‘ड्रायव्हर’ ओळखा

लॅपटॉपचे सगळे भाग ठणठणीत असूनही तो ‘जुना झाला’ असे आपल्याला सांगितले जाते. प्रत्यक्षात मागे पडलेले असते ते त्या भागांशी बोलणारे सॉफ्टवेअर. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम इथे कशी मदत करते आणि कुठे करत नाही, हे समजून घेतले तर घरातले तीस-चाळीस हजार रुपये वाचू शकतात.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरातला संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण सुरक्षेची नवी अपडेट येणे थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली गेली, म्हणजे प्रश्न एक वर्ष पुढे ढकलला गेला, इतकेच.

विंडोज ११ टाकावे, तर तिच्या अटी कडक आहेत. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, कीबोर्ड, स्क्रीन आणि स्पीकर नीट चालणारा लॅपटॉपही या परीक्षेत नापास होतो. दुकानात नेला की सल्ला मिळतो, ‘आता नवाच घ्या.’

अशा वेळी कुणीतरी तिसरा मार्ग सुचवतो, लिनक्सचा. ती मोफत आहे, जुन्या संगणकावर चालते, तिला अपडेटही मिळत राहतात. हे सगळे खरे आहे. पण ती टाकण्याआधी घरातल्या माणसाच्या मनात जे प्रश्न येतात तेही तितकेच खरे असतात. वाय-फाय चालेल का? मुलांच्या ऑनलाइन वर्गात कॅमेरा आणि माइक चालेल का? प्रिंटरचे काय? या सगळ्या प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात दडलेले आहे, तो शब्द म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

संगणकातला प्रत्येक भाग स्वतःची भाषा बोलतो. वाय-फायच्या कार्डाची भाषा वेगळी, साउंड कार्डाची वेगळी, टचपॅडची आणखी वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिमला यातली एकही भाषा जन्मतः येत नाही. ती ‘आवाज वाढव’ असे सांगते आणि ड्रायव्हर ते वाक्य त्या विशिष्ट चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलून देतो. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाष्या.

दुभाष्या गैरहजर असेल तर दोन्ही बाजू शहाण्या असूनही संवाद होत नाही. वाय-फाय कार्ड उत्तम असते, ऑपरेटिंग सिस्टिमही उत्तम असते, पण कोपऱ्यात जाळ्याची खूण काही उमटत नाही. आपण म्हणतो, ‘मशीन बिघडले.’ बिघडलेले काहीच नसते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा सगळ्या भागांवर हुकूमत ठेवतो, प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी वाटून देतो, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स हे खरे तर या कर्नलचे नाव आहे. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्या सगळ्यांच्या पोटात हाच कर्नल असतो, बाहेरची सजावट तेवढी वेगळी.

एका विद्यार्थ्याच्या संगणकापासून

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर ती बहुधा कधीच चालणार नाही, असेही त्याने सांगून टाकले. कारण साधे होते. त्याच्याकडे दुसरे यंत्रच नव्हते आणि जे यंत्र हाताशी नाही त्याचा ड्रायव्हर लिहून तपासणार कसा?

ही अडचण सुटली ती इतरांमुळे. कर्नलचा कोड सर्वांसाठी खुला असल्याने ज्याच्याकडे जे यंत्र होते त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवला. पुढे कंपन्याही आपल्या चिपचे ड्रायव्हर स्वतः लिहून देऊ लागल्या. २०२५ च्या सुरुवातीला कर्नलच्या कोडची लांबी सुमारे चार कोटी ओळींपर्यंत पोहोचली. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग निव्वळ ड्रायव्हरचा आहे.

साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते. पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात. त्यानंतर दारे बंद होतात आणि पुढचे सहा-सात आठवडे फक्त चुका दुरुस्त केल्या जातात. एकेका आवृत्तीत सुमारे दोन हजार जणांचा हातभार असतो. ‘या आवृत्तीत अमुक उपकरणांचा आधार आला’ असे आपण वाचतो, ते याच कामाचे फळ असते.

घरातल्या मुलांना रस वाटेल असे एक उदाहरण घ्या. सोनीचे प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आले. त्याच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर खुद्द सोनीने लिहून दिला आणि तो एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या ५.१२ या आवृत्तीत दाखल झाला. मार्च २०२५ मधल्या ६.१४ आवृत्तीत एएमडीच्या नव्या प्रोसेसरमधल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे करणाऱ्या भागाचा ड्रायव्हर आला. म्हणजे कर्नलचे अपडेट फक्त छिद्रे बुजवत नाही, ते नव्या यंत्रांची ओळखही करून देते.

वाड्यातली बिऱ्हाडे आणि बाहेरचे पाहुणे

लिनक्स आणि विंडोज यांच्यातला मोठा फरक इथे आहे. विंडोजमध्ये अनेक उपकरणांचा ड्रायव्हर त्या कंपनीने बनवलेला आणि तिच्याच ताब्यातला असतो. कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली की विंडोजच्या पुढच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर येत नाही आणि चांगला स्कॅनर शोभेची वस्तू होतो.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात. एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडांची कल्पना करा. वाड्याची पाण्याची मुख्य वाहिनी बदलायची ठरली, तर ती बदलणाऱ्यानेच प्रत्येक बिऱ्हाडाचा नळ नव्या वाहिनीला जोडून द्यायचा, असा तिथला नियम आहे. कर्नलच्या आतली रचना बदलणारा प्रोग्रॅमर त्या बदलाने अडचणीत येणारे सगळे ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करतो. दहा वर्षांपूर्वीच्या वाय-फाय कार्डाला आजच्या कर्नलमध्ये जागा मिळते ती यामुळे. ते बनवणारी कंपनी बंद पडली असली, तरीही.

याला जोडून टोरवाल्ड्स यांचा आणखी एक आग्रह आहे. वापरणाऱ्याकडे जे काल चालत होते ते नव्या आवृत्तीमुळे बंद पडले, तर ती कर्नलची चूक मानली जाते. ‘तुमचे यंत्र जुने आहे’ असे उत्तर तिथे चालत नाही.

अर्थात वाड्यातही कुणी कायमचे राहत नाही. ज्या यंत्राचा वापर करणारा आणि कोडची काळजी घेणारा कुणीच उरत नाही, त्याचा आधार शेवटी काढून टाकला जातो. टोरवाल्ड्स यांनी ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहिले, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला. २०१९ मध्ये फ्लॉपी डिस्कच्या ड्रायव्हरवर ‘पोरका’ असा शिक्का बसला, कारण चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्ह मिळणेच मुश्कील झाले होते. पण हे घडायला वीस-पंचवीस वर्षे जावी लागतात. तुमचा २०१५ चा लॅपटॉप त्या रांगेत फार मागे आहे.

तुमच्या फोनला अपडेट का येत नाही?

अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचाच कर्नल असतो. मग तीन वर्षांच्या फोनला नवे अँड्रॉइड का मिळत नाही आणि दहा वर्षांच्या लॅपटॉपला नवे लिनक्स का मिळते?

कारण फोनच्या चिपचे बरेच ड्रायव्हर मूळ कर्नलच्या बाहेर, चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असतात. ते वाड्यातले बिऱ्हाड नसून बाहेरचे पाहुणे असतात. कर्नल पुढे गेला की त्यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि त्या कामासाठी कंपनीला पैसे व माणसे लावावी लागतात. नवा फोन विकण्यात फायदा असताना जुन्यावर खर्च करायचा कुणी?

गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणून चिपशी निगडित भाग बाकीच्या अँड्रॉइडपासून वेगळा केला, तो हाच गुंता सोडवण्यासाठी. त्यानंतर परिस्थिती सुधारली. २०२३ च्या पिक्सल ८ आणि २०२४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२४ या फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन कंपन्यांनी दिले. फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सलइतकेच या आकड्याकडेही लक्ष द्या.

एका प्रिंटरची गोष्ट

खुल्या ड्रायव्हरचा आग्रह सुरू झाला तो एका प्रिंटरमुळे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅमर काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर तशी सूचना येईल, अशी सोय त्यांनी कोड बदलून केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वेगवान होता, पण त्यातही कागद अडकायचा. स्टॉलमन यांना तीच सोय त्यातही करायची होती, मात्र त्याचा कोड मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. या अनुभवाने स्टॉलमन अस्वस्थ झाले आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज लिनक्स ज्या परवान्याखाली वाटले जाते, तो याच चळवळीतून आला.

कंपन्यांचा नकार पुढेही बराच काळ चालू राहिला. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपसाठी स्वयंसेवकांना चिपचे वागणे बाहेरून पाहत पाहत ड्रायव्हर तयार करावा लागला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियावर तर टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात जाहीरपणे राग काढला होता. त्या कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, पण तोही फक्त नव्या पिढ्यांच्या कार्डांसाठी. म्हणून जुने एनव्हिडिया कार्ड असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना थोडी जास्त काळजी घ्यावी लागते.

आधी चाखून पाहा, मग ठरवा

लिनक्सची सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे ती न बसवता चालवून पाहता येते. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यातली माहिती पुसली जाईल, तेव्हा आधी ती दुसरीकडे ठेवा. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्या आणि रूफससारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू केला की पूर्ण लिनक्स समोर येते आणि ‘इन्स्टॉल’ हे बटण दाबेपर्यंत तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही. चार जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती निवडा.

एक खबरदारी मात्र घ्या. लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल केल्यास विंडोज ती मागू शकते.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले की घाई न करता अर्धा तास द्या आणि या गोष्टी एकेक करून तपासा.

• वाय-फायची यादी दिसते का, जोडणी टिकते का?
• स्पीकर, हेडफोन आणि माइक तिन्ही चालतात का?
• कॅमेरा उघडतो का? एखाद्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल करून पाहा.
• ब्लूटूथ, टचपॅड आणि प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा चालतात का?
• झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप पुन्हा जागा होतो का?
• टीव्ही किंवा दुसरी स्क्रीन जोडल्यावर चित्र आणि आवाज दोन्ही येतात का?
• बोटाचा ठसा ओळखणारी पट्टी चालते का? ही बऱ्याचदा चालत नाही, पण तिच्यावाचून अडत नाही.

एखादी गोष्ट चालली नाही, तर लगेच निराश होऊ नका. बहुतेक वेळा वाय-फाय चिपला ड्रायव्हरखेरीज फर्मवेअर नावाची एक छोटी फाइल लागते. फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरा. लिनक्स बसवल्यानंतर मिंटमधला ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की हवी ती फाइल बरेचदा तिथेच मिळते.

प्रिंटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. छपाईचे काम कर्नलमध्ये नाही, ‘कप्स’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये होते. गेल्या काही वर्षांतले वाय-फाय प्रिंटर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ ही पद्धत समजतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, ते आपोआप दिसतात. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरसाठी कंपनीचेच खुले सॉफ्टवेअर आहे. अडचण येते ती फक्त स्वतःची गुप्त भाषा बोलणाऱ्या काही जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरची.

नवा लॅपटॉप असेल तर गणित उलटे

जुन्या लॅपटॉपला कुठलीही अलीकडची आवृत्ती पुरते. नव्या लॅपटॉपचे तसे नाही. त्यातली चिप कर्नलच्या जन्मानंतरची असेल, तर कर्नलला ती ओळखता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ हा कर्नल होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचीच सुधारित प्रत ६.१४ कर्नलसह आली आणि सप्टेंबर २०२५ मधल्या लिनक्स मिंट २२.२ नेही तोच कर्नल घेतला. त्यामुळे मित्राने दीड वर्षापूर्वी बनवलेला पेन ड्राइव्ह वापरून ‘यात वाय-फाय चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका, ताजी प्रत घ्या.

अपडेट करतानाही थोडा शहाणपणा हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नलच्या ५.१९.१२ या प्रतीमुळे इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकू लागली. त्यातून पॅनेलला इजा होण्याची भीती होती. लगेच पुढची प्रत काढून तो दोष दूर केला गेला. असे प्रसंग क्वचित येतात, पण येतात. म्हणून मुलांच्या परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी अपडेट करू नका. उबुंटू आणि मिंट आधीचा कर्नल जपून ठेवतात. नव्यात काही बिघडले तर सुरुवातीच्या यादीतून ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडून जुना कर्नल सुरू करता येतो.

कुणी लिनक्सकडे जाऊ नये?

घरातून चालणारा हिशेबाचा व्यवसाय विंडोजच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर असेल, जुन्या फॉन्टमधले मराठी टायपिंग सॉफ्टवेअर रोज लागत असेल किंवा डिजिटल सहीचा टोकन आणि अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र वापरावे लागत असेल, तर त्यांच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर आहे का हे विक्रेत्याला आधी विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर त्या कामापुरता विंडोजचा संगणक ठेवणेच योग्य.

बँकेचे काम, ईमेल, अभ्यासाचे व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, पत्रलेखन, फोटो आणि चित्रपट इतकाच वापर असेल, तर लिनक्सवर काहीच अडत नाही. युनिकोडमधले मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तयार मिळते. लिबर ऑफिसमध्ये पत्रे आणि तक्ते होतात.

हे काही फक्त हौशी लोकांचे काम राहिलेले नाही. केरळच्या सरकारी शाळांमधली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकत आहेत. मूळच्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांचा विचार करून ‘बॉस लिनक्स’ तयार केले. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा प्रकल्प लिनक्स आणि लिबर ऑफिसचे मोफत धडे मराठीतूनही देतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आणि घरातल्या आजी-आजोबांना संगणक शिकवू पाहणाऱ्या कुटुंबांना ते विशेष उपयोगी पडतील.

पुढच्या खरेदीच्या वेळी

वस्तू घेताना आपण किंमत, रंग आणि वॉरंटी विचारतो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारा. या यंत्राला किती वर्षे अपडेट मिळतील? ते दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते का? प्रिंटर असेल तर तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतो का? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर मॉडेलचा क्रमांक टिपून घ्या आणि घरी येऊन शोधा. यंत्राचे आयुष्य किती, हे बरेचदा याच उत्तरांवर ठरते.

आणि सगळे करूनही लॅपटॉप खरोखरच संपला असेल, तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत, नोंदणीकृत केंद्राकडेच तो द्या. पण त्याआधी एका संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावून पाहा. वाय-फायची यादी उमटली, आवाज आला, कॅमेरा उघडला, तर तो लॅपटॉप अजून काही वर्षे तुमच्या घरात कामाला येईल.